मनोऱ्याच्या आधी मंडळी

चर्च म्हटलं की डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो, टोकदार कमानी येतात, रंगीत काचा आणि घंटा येते. आणि ते बांधणारा गोरा साहेबही येतो. कोल्हापुरात सहज विचारलंत तरी ‘इंग्रजांनी आणलं’ हेच उत्तर बहुधा मिळेल. सुरुवातीच्या चर्चला यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही.

आधी इमारतीचं पाहू. टोकदार कमानींची गॉथिक शैली बाराव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आली. येशूनंतरची पहिली अडीच-तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतांशी घरांतच जमत. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथलं असं एक घर १९३०च्या दशकात उत्खननात सापडलं. आपल्या वाड्यासारखं, मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या. इ.स. २३२ ते २५६ या काळात कधीतरी दोन खोल्यांमधली भिंत काढून साठ-सत्तर माणसं बसतील असा दिवाणखाना केला होता, तर एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधलं होतं. बाहेरून ओळखावं असं काहीही नव्हतं. हे घर टिकलं ते युद्धामुळे. इराणच्या सासानी फौजेचा वेढा पडणार म्हणून गावकऱ्यांनी तट भक्कम करायला लगतच्या घरांत माती भरली. गाव पडलं, ओस झालं. पण मातीखाली भिंतींवरची चित्रं शाबूत राहिली.

पुढे ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला उघड मान्यता मिळाली आणि मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्यांचा आराखडा कुठल्याही देवळाचा नव्हता. रोमन शहरांत कचेरी आणि बाजारपेठेच्या कामासाठी ‘बॅसिलिका’ नावाचं लांबट सभागृह असे: मधे रुंद दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धवर्तुळाकार भाग. तोच आराखडा चर्चसाठी घेतला. हे वर्णन वाचून कार्ल्याचं चैत्यगृह आठवेल, आणि तिथे आलेले पर्यटक ‘अगदी चर्चसारखं’ म्हणतातही. पण कार्ल्याचं लेणं कॉन्स्टंटाइनच्या चर्चपेक्षा किमान दोनशे वर्षांनी जुनं आहे. तिथल्या अर्धवर्तुळात स्तूप आहे आणि त्याला प्रदक्षिणा घालायची असते. चर्चमध्ये त्या जागी वेदी असते आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. आकार सारखा दिसला म्हणून एकाने दुसऱ्याचा उचलला, असं होत नाही.

असाच एक घाईचा निष्कर्ष खुद्द कोल्हापुराबद्दल काढता येईल. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत रोमन व्यापारातून आलेल्या काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यात वीतभरही उंच नसलेली एक देखणी मूर्ती आहे. ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची. रोमशी व्यापार होता हे तिच्यावरून कळतं. ख्रिस्ती वस्ती होती असं नाही.

वस्ती होती ती कोकणपट्टीत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापारी लिहून ठेवतो की ‘कल्लियाना’ येथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याणच मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते तिथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. वास्को द गामा यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं बाकी होती.

आता साहेबाकडे येऊ. कोल्हापुरात मिशन सुरू केलं ते रॉयल गूल्ड वायल्डर यांनी, १८५२ मध्ये. ते इंग्रज नव्हते, अमेरिकेतल्या व्हरमाँटचे होते. शिवाय कोल्हापूर हे संस्थान होतं, थेट कंपनीचा मुलूख नव्हता. ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने त्यांना पाठवलं, त्याच बोर्डाच्या पहिल्या मिशनऱ्यांना १८१३ मध्ये मुंबईतून परत धाडण्याचा हुकूम खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने काढला होता. राज्यकर्ते आणि मिशनरी यांना एकाच गाठोड्यात बांधताना हे विसरलं जातं आणि मला ते खटकतं. वायल्डर पुढे बोर्डापासूनही वेगळे झाले, १८६१ पासून स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० मध्ये मिशन प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या बोर्डाकडे गेलं. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. प्रेस्बिटेरियन परंपरेत उपासनेसाठी मूर्ती नसतात, मान असतो तो बायबलमधल्या वचनाला. येशूच्या आईची, मरियेची मूर्ती दिसली नाही म्हणून ‘हे कसलं चर्च’ म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

‘चर्च’ या शब्दाचाही पहिला अर्थ इमारत नव्हे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे जमलेली माणसं. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला आणि तो अगदी नेमका बसला. या मंडळीचा धर्मगुरू म्हणजे ‘पाळक’, मेंढरं राखणारा. दुरा-युरोपोसच्या त्या घरात कुंडाच्या वर एक चित्र होतं: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, पुढे त्याचा कळप. कोल्हापुरात उपासना संपल्यावर लोक ‘पाळकसाहेब’ म्हणून हाक मारतात, ती त्याच मेंढपाळाच्या नावाने.