घोड्यांच्या फ्ल्यूची वंशावळ

पैनगंगेच्या एका तीराला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका, तर दुसऱ्या तीराला नांदेड जिल्हा. त्या जिल्ह्यात माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारही. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यालाही असाच बाजार असतो. दूरदूरची जनावरे काही दिवस शेजारी शेजारी बांधली जातात आणि मग दहा दिशांना पांगतात. गिऱ्हाईक घोडीची चाल पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो. तिच्या श्वासाबरोबर काय बाहेर पडते आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या गोष्टीचा आज आपण विचार करू.

फ्ल्यू हा केवळ माणसाचा रोग नव्हे. घोडा, खेचर, गाढव यांनाही तो होतो. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, तो १०६ अंशांपर्यंतही जातो. कोरडा ठसका लागतो, नाक वाहू लागते. धडधाकट जनावर विश्रांती मिळाल्यास बहुधा दोनतीन आठवड्यांत सावरते. पण तापातच जुंपले तर फुप्फुसावर बेतते. शिंगरांना आणि गाढवांना धोका अधिक. १८७२ साली उत्तर अमेरिकेत ही साथ इतकी पसरली की, नोव्हेंबरात बोस्टन शहराला आग लागली तेव्हा आजारी घोड्यांऐवजी माणसांनाच बंब ओढावे लागले. ज्याचे पोट टांग्यावर किंवा ओझ्याच्या गाढवावर आहे, त्याच्या घरी एक ठसका म्हणजे कित्येक दिवसांची बंद मजुरी होय.

आता हा रोग ओळखतात कसा? ताप चढल्यावर पहिल्या काही दिवसांतच नाकाच्या आतील स्राव बोळ्यावर घेऊन तो थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवतात. या विषाणूत कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवण्याचा गुण आहे. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट या संशोधकाने माणसाच्या फ्ल्यूच्या विषाणूत तो दाखवून दिला. त्याच जातीच्या विषाणूशी आधी झुंजलेल्या जनावराची रक्तलस त्यात मिसळली, की पेशी चिकटायच्या थांबतात. लस जुन्या विषाणूला थोपवते, पण नव्याला थोपवत नाही असे दिसले, म्हणजे विषाणूने रूप पालटले असे समजावे.

रूप पालटते कसे, हे समजण्यास आपल्या पोथ्यांचे उदाहरण चांगले. छापखाना नव्हता तेव्हा पोथी हाताने उतरवीत. लेखक एखादे अक्षर चुकला, की पुढच्या प्रतींत तीच चूक उतरे. फ्ल्यूचा विषाणू आपल्या आठ तुकड्यांच्या पोथीची नक्कल करताना अशाच चुका करतो, आणि त्या तपासून दुरुस्त करणारा शास्त्री त्याच्यापाशी नाही. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादीमुळे जनावराच्या शरीराला जुनी ओळख पटेनाशी होते, आणि नेमकी तीच प्रत टिकून फैलावते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पाठभेद ताडून प्रतींच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा वेगळ्या काढल्या. विषाणूंचे संशोधक तेच करतात. १९५६ साली प्रागला घोड्यांतील एच-७ एन-७ हा विषाणू सापडला. गेली चाळीसहून अधिक वर्षे तो कोठे हाती लागलेला नाही. १९६३ साली मायामीला एच-३ एन-८ सापडला, आणि तो आजही नांदतो आहे. १९८० नंतरच्या दशकात त्याच्या अमेरिकी आणि युरेशियाई अशा दोन शाखा झाल्या. पुढे अमेरिकी शाखेतून फ्लोरिडा नावाची शाखा निघाली व तिच्याही दोन पोटशाखा झाल्या. कधी कधी मात्र पोथीच परक्या घरची येते. १९८९ साली चीनच्या ईशान्य भागात पक्ष्यांकडून आलेल्या विषाणूने घोडे दगावले. उलट २००४ साली अमेरिकेत घोड्यांचा विषाणू शर्यतीच्या कुत्र्यांत शिरल्याचे आढळले.

आपल्या देशात १९८७ साली ही साथ आली, आणि मग सुमारे दोन दशके शांतता होती. जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा येथे, जिथे वैष्णोदेवीचे यात्रेकरू तट्टांवर बसून डोंगर चढतात, ती पुन्हा उद्भवली आणि म्हैसूर व अहमदाबादपर्यंत पोचली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने विषाणू वेगळे करून त्यांची कुळी लावली. ते फ्लोरिडा शाखेच्या दुसऱ्या पोटशाखेतले, चीनमधील २००७-०८ च्या विषाणूंचे निकटचे भाऊबंद निघाले. म्हणजे १९८७ चा जुना पाहुणा परतला नव्हता, नव्या शाखेचा आला होता. म्हणूनच या केंद्राने लुधियानाच्या १९८७ च्या वाणावर केलेली प्रतिबंधक लस पुढे कटऱ्याच्या वाणावर बेतून नवी केली. गेल्या पिढीच्या शत्रूच्या चेहऱ्यावरून पहारा ठेवला, तर या पिढीचा शत्रू दारातून सुखाने आत येतो.

या सगळ्या वंशावळीचे पहिले पान मात्र हिसारला लिहिले जात नाही. ते गोठ्यात लिहिले जाते. बाजारातून आणलेले जनावर दोनतीन आठवडे वेगळे बांधावे, त्याची बादली वेगळी ठेवावी. ठसका लागताच काम थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नमुना चार दिवस उशिरा घेतला, तर विषाणू पुढच्या जनावरात गेलेला असतो आणि पोथीतले ते पान कायमचे हरवते. अशी पाने हरवत गेली, तर लस कितीही काळजीने केली तरी ती कालच्याच रोगावर पडेल.