हौसेची परवानगी

जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या यादीत अंदमान-निकोबार हा भारताचा भाग असूनही वेगळा ‘देश’ धरला जातो. अशा एखाद्या दुर्मीळ ठिकाणाशी बोलणं झालं, की तिथून पोचपावतीचं कार्ड येतं. या क्यूएसएल कार्डांपायी चांगली शहाणीसुरती माणसं रात्ररात्र कानाला हेडफोन लावून बसतात. अंदमानचं कार्ड मोजक्याच लोकांकडे होतं, कारण १९८७ नंतर तिथून हॅमचा आवाजच ऐकू आला नव्हता. संरक्षणाच्या दृष्टीनं नाजूक जागा, त्यामुळे दिल्लीहून परवानगी मिळेना. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००४ मध्ये त्या पथक घेऊन पोर्ट ब्लेअरला पोचल्या. कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, मिळाली व्हीयू४आरबीआय. कामाचा हेतू विचाराल तर शुद्ध हौस. जगातल्या जास्तीत जास्त हॅमना अंदमान ‘द्यायचं’, एवढंच.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्रतळ फाटला. ९.१ तीव्रतेचा भूकंप, आणि पाठोपाठ त्सुनामी. धक्का बसला तेव्हा भारती प्रसाद रेडिओवरच होत्या. ऐकणाऱ्यांना भूकंपाची वार्ता देऊन त्या बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेलेले होते. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क त्या काळी उपग्रहावर चाले. चेन्नईहून समुद्राखालची केबल पोर्ट ब्लेअरला सुरू झाली ती थेट १० ऑगस्ट २०२० रोजी. पण हॅमच्या अँटेना आधीच उभ्या होत्या, कुठल्या वेळी कुठला बँड कुठवर पोचतो हे रोज बोलून अंगवळणी पडलेलं होतं. कार्डांसाठी मांडलेलं ठाणं त्याच दिवशी बेटांची बातमी बाहेर पोचवू लागलं. पुढे पथकातले काही जण कार निकोबारलाही पोचले. तिथला हवाई दलाचा तळच लाटेनं झोपवला होता.

हे जमतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपला मोबाइल बिनतारी असतो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. पुढचा प्रवास केबलचा, यंत्रशाळांचा आणि विजेचा. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात आणि मग हातातला महागडा फोन टॉर्च म्हणून उरतो. लघुलहरींना मधे कुणी लागत नाही. साधारण ७ किंवा १४ मेगाहर्ट्‌झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. १४ मेगाहर्ट्‌झसाठी साधी डायपोल अँटेना करायला जेमतेम दहा मीटर तार पुरते. शंभर वॅटचा सेट मोटारीच्या बॅटरीवर चालतो. गावातल्या गावात, तहसील कचेरी ते छावणी एवढ्या अंतराला १४४ मेगाहर्ट्‌झचे हातातले सेट कामाला येतात, पण मधे डोंगर आला की ते गप्प.

यंत्रापेक्षा अवघड असतं ते ऐकणं. संकटात एकाच फ्रीक्वेन्सीवर सगळेच बोलू लागले तर कुणाचंच कळत नाही. म्हणून एक जण ‘नेट कंट्रोल’ होतो, तो ज्याला बोलायला सांगेल त्यानंच बोलायचं. निरोप आधी कागदावर लिहायचा: कुणाकडून, कुणाला, किती वाजता. नावं अक्षर-अक्षर फोडून सांगायची, पलीकडच्यानं ती परत वाचून दाखवायची. त्यात स्वतःचा अंदाज घालायचा नाही. ‘शे-दोनशे गेले असतील म्हणतात’ असली बातमी कानावर आली तरी नेटवर टाकायची नाही. कार्डं जमवताना खरखरीतून कॉलसाइन वेचायची सवय लागलेली असते, ती इथे कामी येते. हौस आणि सेवा यांचे वेगळे कप्पे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नुसता सेट विकत घेऊन कपाटात ठेवणारं खातं संकटाच्या दिवशी त्याचं मॅन्युअल शोधत बसतं.

१९९३ ला किल्लारी, १९९९ ला ओडिशाचं महाचक्रीवादळ, २००१ ला भूज. हॅम तिथेही गेले. गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगालचे हॅम चुकलेल्या यात्रेकरूंची घरं शोधून काढतात. ते काम मला त्सुनामीइतकंच मोठं वाटतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

सरकारला मात्र या छंदाचा संशय जुना आहे. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये भारतातलं पहिलं हौशी केंद्र चालवलं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी सगळे परवाने रद्द केले. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा! १९४२ मध्ये उषा मेहतांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओचा मुंबईतला ट्रान्समीटर उभा राहिला तो नरिमन प्रिंटर या हॅमच्या हातून. स्वतंत्र भारताचे पंतप्रधान राजीव गांधी स्वतः हॅम होते, कॉलसाइन व्हीयू२आरजी. पण आजही बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येत असली, तरी त्यानंतर पोलीस पडताळणी आणि दिल्लीची वाट असतेच. पडताळणीला माझी हरकत नाही. पण उत्साहानं परीक्षा दिलेलं पोर परवाना येईपर्यंत दुसऱ्या नादाला लागतं, आणि ज्या जिल्ह्याला त्याची गरज पडणार असते त्याला ते ठाऊकही नसतं. जिल्हा आपत्ती कक्षानं पावसाळ्याआधी स्थानिक हॅमना बोलावून, वीज बंद करून एक रंगीत तालीम घ्यावी. खर्च चहाचा.

अंदमानात परवानगीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. एप्रिल २००६ मध्ये पोर्ट ब्लेअरला हॅम मंडळींचा मेळावा भरला आणि या वेळी परदेशी हॅमनाही त्या बेटांवरून बोलायची मुभा मिळाली. आले ते सगळे पुन्हा कार्डांसाठीच.