तंजावरला जाताय? आधी देवळाचं घड्याळ बघा

आजचा भाग तमिळनाडूतल्या तंजावरवर. कुठे राहायचं, काय बघायचं हे सांगणारच आहे, पण आधी माझी फजिती ऐका.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आई सोबत होती. मोठ्या देवळात पोचलो तर दुपारचा एक वाजलेला. गाभारा बंद, उघडणार चार वाजता, आणि आमची परतीची गाडी साडेतीनची! चपला बाहेर काढलेल्या, अंगणातला दगड तव्यासारखा तापलेला. आई गुडघे धरून सावलीत बसली आणि म्हणाली, "एवढ्या लांब आलो, आणि दर्शन काही झालं नाही रे." चूक माझीच होती. वीस रील सेव्ह केले होते, पण देवळाची वेळ एकदाही बघितली नव्हती.

म्हणून आजची मुख्य गोष्ट एकच. दक्षिणेतल्या देवळांच्या गावात दिवसाचे दोन भाग असतात, सकाळ आणि संध्याकाळ. दुपारी साधारण साडेबारा ते चार गाभारा बंद. आपला प्लॅन या बंद दुपारीभोवती आखायचा. आणि तंजावरात ही दुपार वाया जात नाही, उलट तीच आपल्या मराठी माणसांसाठी खास आहे. कशी, ते सांगतो.

सकाळ : मोठं देऊळ

सहा-साडेसहाला देवळात हजर व्हा. रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' म्हणण्यापेक्षा 'पेरिय कोविल' म्हणा, म्हणजे मोठं देऊळ. चोळ राजा राजराज पहिला याने बांधलेलं हे शिवमंदिर १०१० मध्ये पूर्ण झालं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे आणि सगळं ग्रॅनाइटचं. १९८७ पासून हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरचा प्रचंड नंदी मात्र चोळांचा नाही, तो नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

एक गंमत. या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असं कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. वाद घालू नका. सकाळी आठला अंगणात उभे राहा, लांबलचक सावली समोरच दिसेल!

दुपार : राजवाडा

ऊन चढलं की रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत राजवाड्यात या. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरची गादी घेतली. नायकांचा हा वाडा मग भोसल्यांचा झाला, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा करेपर्यंत हे घराणं गादीवर होतं.

याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांनी ते वाढवलं. ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी, शिवाय मोडीतली कागदपत्रं इथे जपली आहेत. सगळ्या पोथ्या आपल्याला चाळता येत नाहीत, पण संग्रहालयाच्या दालनात निवडक गोष्टी मांडल्या आहेत. शेजारच्या कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत, त्यांना निवांत तासभर द्या. फक्त वेळा आणि सुट्टीचा वार निघण्याआधी तपासा. माझ्यासारखं करू नका!

संध्याकाळ : पुन्हा देऊळ

चारनंतर परत मोठ्या देवळात या. आवाराच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, भिंतभर मराठी! बहुतेक लोक शिखराचा सेल्फी काढून निघून जातात आणि हा कोपरा राहून जातो.

आता तयारीचं

• चेन्नईहून रात्रीची गाडी घेतली की सकाळी तंजावर. विमानाने यायचं तर त्रिची जवळ, तिथून साधारण ५५-६० किलोमीटर.

• डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हवा चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे पावसाळा असतो, आणि एप्रिल-मे मध्ये ज्येष्ठ मंडळींना नेऊच नका.

• गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला. पिशवीत जाड मोजे ठेवा, तापलेल्या दगडावर जीव वाचतो. गाभाऱ्यात मोबाइल खिशात!

• दुसरा दिवस असेल तर कुंभकोणमजवळचं दारासुरम बघा. तिथलं ऐरावतेश्वर मंदिरही जागतिक वारशात आहे. पण तिथेही तोच नियम, सकाळी लवकर जा.

दोन वर्षांनी आईला पुन्हा घेऊन गेलो, या वेळी मुक्काम ठेवून. सकाळी शांत दर्शन झालं. संध्याकाळी ती त्या शिलालेखापाशी उभी राहिली आणि चष्मा वर-खाली करत एकेक अक्षर लावत बसली. मी दोनदा "निघूया?" विचारलं. ती म्हणाली, "थांब रे, आज कुठली गाडी पकडायचीय?"

तुम्हीही घाई नसलेला एक दिवस काढा. भेटू पुढच्या भागात!