लाजेपोटी दुखणे वाढवू नका

चिंचपाड्याहून नवापूर किंवा नंदुरबारच्या दवाखान्यात गेलेला पुरुष ताप-खोकल्याचे सांगतो. लघवीच्या जागेची खाज आणि सूज मात्र लपवतो. मग मेडिकलमधून मलम आणतो. त्यात स्टिरॉइड असले, तर खाज दबते, पण बुरशी वाढत राहते.

शिस्नाच्या टोकाला वारंवार लाली, खाज, पांढरा थर येत असेल किंवा कातडी मागे सरकेनाशी झाली असेल, तर रक्तातील साखर तपासावी. लघवीतील साखरेवर बुरशी पोसते. काहींचा मधुमेह असाच प्रथम उघडकीस येतो. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. आठवडाभरात फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. जखम, फोड किंवा पू असल्यास लगेच. पत्नीलाही त्रास असेल, तर तिचीही तपासणी व्हावी.

मागे ओढलेली कातडी अडकून सुजणे, अंडकोषात अचानक तीव्र वेदना, लघवी अडणे, यांत रात्रही काढू नये. पिळलेला अंडकोष वाचवायला साधारण 6 तासच हाती असतात. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाची वेदनादायक ताठरता 4 तासांहून अधिक टिकली, तरीही तातडीने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.