रैखिक अवकल समीकरणे व आव्यूह

एखादी राशी व तिच्या बदलाचे दर (अवकलज) यांतील संबंध दर्शविणाऱ्या समीकरणास अवकल समीकरण म्हणतात. अज्ञात फलन व त्याचे अवकलज केवळ पहिल्या घातात असून त्यांचे परस्परांशी गुणाकार नसतील, तर समीकरण रैखिक होय. आव्यूह म्हणजे संख्यांची आयताकार मांडणी. तिचा अभ्यास रैखिक बीजगणितात होतो. विद्यापीठांत हे विषय पुष्कळदा वेगवेगळे शिकविले जातात. तथापि पहिल्याचा बराच भाग दुसऱ्यामुळेच उलगडतो.

उदा., स्प्रिंगला जोडलेल्या वस्तूचे स्थानांतर क्ष असून तिच्या गतीचे समीकरण क्ष″ + ३क्ष′ + २क्ष = ० आहे, असे मानू. यातील मधले पद गतीला होणारा विरोध दर्शविते. क्ष′ = य असे लिहिल्यास य′ = –२क्ष – ३य हे दुसरे समीकरण मिळते. या दोहोंच्या गुणकांचा आव्यूह घेतला, तर त्याची आयगेन मूल्ये ल² + ३ल + २ = ० या समीकरणावरून –१ व –२ अशी येतात. दोन्ही ऋण असल्याने वस्तूचे स्थानांतर कालांतराने शून्याकडे जाते. विरोधाचे चिन्ह उलटल्यास हीच मूल्ये १ व २ होतात आणि अल्पसा धक्काही वाढत जातो. आयगेन मूल्ये सदसत् असल्यास आंदोलने होतात. ती शमणार की वाढणार, हे मूल्यांच्या सत् भागाच्या चिन्हावरून ठरते.

स्थिर गुणकांची रैखिक समीकरणे सोडविण्याची घातीय फलनांची रीत ऑयलर यांनी १७४३ मध्ये प्रसिद्ध केली. आव्यूहांचे बीजगणित केली यांनी १८५८ मध्ये मांडले. वाफेच्या एंजिनाचा वेग स्थिर राखणाऱ्या नियंत्रकांचे स्थैर्य मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये याच दृष्टीने तपासले. समीकरण न सोडविता स्थैर्य ओळखण्याची कसोटी राउथ (१८७७) व हुर्विट्स (१८९५) यांनी दिली.

या चिन्हाचे महत्त्व व्यवहारातही मोठे आहे. अमेरिकेतील टाकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सु. ६४ किमी. वेगाच्या वाऱ्यात कोसळला. त्याच्या पीळ देणाऱ्या आंदोलनांना वाऱ्याकडूनच ऊर्जा मिळत राहिली; म्हणजे विरोधाचे चिन्ह जणू उलटले होते.

बहुतेक नैसर्गिक प्रणाली काटेकोरपणे रैखिक नसतात. तरीही समतोलाजवळच्या रैखिक रूपाची सर्व आयगेन मूल्ये ऋण सत् भागाची असल्यास मूळ प्रणालीचा समतोलही स्थिर असतो, हे ल्यापुनॉव्ह यांनी १८९२ मध्ये दाखविले. सत् भाग शून्य असल्यास मात्र केवळ रैखिक रूपावरून निर्णय करता येत नाही.