हात थरथरला तर?

आमचे भाऊजी वर्षानुवर्षं जुहूहून हेलिकॉप्टरनं समुद्रातल्या मुंबई हायवर ड्यूटीला जायचे. ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत जाऊबाईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आता त्यांची लेक विमानांचं इंजिनिअरिंग शिकतेय. दिवाळीत करंज्या करताना म्हणाली, “काकू, आता असं हेलिकॉप्टर येतंय, की वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून वरच्या पात्यांपर्यंत सळ्याच नाहीत. नुसत्या वायरी आणि कॉम्प्युटर!”

माझ्या तर पोटात गोळाच आला.

याला ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात. एअरबसच्या ए-३२० विमानात ते १९८८ पासून आहे. हेलिकॉप्टरचं मात्र वेगळं. अमेरिकेतलं ‘बेल ५२५’ हे समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेण्यासाठीही बनवलेलं. ६ जुलै २०१६ ला टेक्सासमधल्या इटली गावाजवळ (हो, गावाचं नावच इटली!) चाचणीत ते हवेतच मोडलं. दोन्ही वैमानिक गेले.

एक इंजिन बंद पडलं तर काय, हे ते ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगात तपासत होते. पात्यांचं फिरणं मंदावलं आणि हेलिकॉप्टर सेकंदाला सहा वेळा हादरू लागलं. हादऱ्यानं वैमानिकाचा हात हलला, हातासरशी दांडा हलला. कॉम्प्युटरला वाटलं, हा हुकूमच! त्यानं तो पाळला, हादरे आणखी वाढले. शेवटी पाती शेपटीवर आदळली. मैत्रिणींनो, खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत पाण्याची बाटली तोंडाला लावून बघा, म्हणजे कळेल.

त्याआधी ३० ऑक्टोबर २०१५ ला खऱ्या इटलीत ‘एडब्ल्यू ६०९’ कोसळलं होतं. हे हेलिकॉप्टरसारखं वर चढतं आणि मग पंखे पुढे वळवून विमानासारखं उडतं. वैमानिक हेलकावे सावरायला गेले, पण ते वाढतच गेले. तिथंही दोघं गेले.

मग बेलनं थरथर गाळून टाकणारी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये केली. पण प्रमाणपत्र देणाऱ्यांचे जुने नियम सळ्यांच्या हेलिकॉप्टरचे. म्हणून अमेरिकी सरकारनं ‘५२५’ साठी खास अटी घातल्या. जिवावर बेतेल असा बिघाड शंभर कोटी तासांत एखादाच, इतका दुर्मीळ असला पाहिजे, असा हिशेब. २०२४ संपलं तरी प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं.

“किती तो उशीर!” पुतणी वैतागली.

जाऊबाई करंजीला मुरड घालत म्हणाल्या, “तुझे बाबा गेले की मी फोनकडे बघत बसायचे, ते आठवतंय ना? बघू देत त्यांना नीट.”