सरव्याचे धान्य

नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली असतील. मुखेड तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या काढणीची माहिती सांगायला गेलो होतो. शेंगा पिवळट तांबूस झाल्या की थांबू नका, उशीर केला तर शेंगा तडकतात, दाणा भुईवर पडतो आणि एवढ्या कष्टाचे पीक मातीला मिळते, असे तावातावाने बोलत होतो. "एकही दाणा रानात राहता कामा नये," असेही शेवटी बजावले.

बैठक उठल्यावर एक म्हातारी काठी टेकीत जवळ आली. म्हणाली, "सायेब, तुमी सांगितलं ते समद्यांनी ऐकलं, तर आमी सरवा कुठला वेचायचा?"

मला उत्तर सुचले नाही. परभणीला चार वर्षे शिकलो, पण त्यात काढणीतील नुकसान किती टक्के हे होते, सरवा हा शब्द कुठे आला नव्हता. ज्याला आम्ही नुकसान म्हणत होतो त्यावर या बाईची दोन महिन्यांची भाकरी होती. जिला शेत नाही, कर्ता माणूस नाही, तिने सुगीनंतर रानातली पडलेली कणसे, शेंगा वेचाव्यात आणि कोणी हटकू नये, ही आपल्याकडची जुनी चाल. मी नकळत तिच्यावरच घाला घातला होता.

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे उदगीरकडच्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या ओसरीवर मिळाले. माती परीक्षणाच्या निमित्ताने ओळख झाली होती. म्हातारीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी आतून पवित्र शास्त्र आणले आणि लेवीय नावाच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढला. त्यात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचे कानेकोपरे अगदी खरडून कापू नकोस, पडलेला सरवा गोळा करू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मी थक्क झालो. हजारो वर्षांपूर्वीच्या परमुलखातल्या पुस्तकात म्हातारीचा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता!

पवित्र शास्त्रातलीच रूथची कथाही त्यांनी सांगितली. विधवा, परक्या मुलखातून सासूबरोबर आलेली. सातूच्या शेतात सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज आपल्या माणसांना सांगतो, तिला हटकू नका, उलट पेंढीतली काही कणसे मुद्दाम टाकीत जा. तिला लाज वाटू नये म्हणून.

"साहेब, शेंगा तडकून पडल्या ते आळसानं झालेलं नुकसान," ते म्हणाले. "त्याला दान म्हणता येत नाही. काढणी तुम्ही सांगता तशी वेळेवरच करायची. द्यायचं ते ठरवून, मोजून ठेवायचं."

ख्रिस्ती लोकांत यासाठी एक शब्द आहे, कारभारी. आपल्या बायाबापड्या नवऱ्याला कारभारी म्हणतात, पूर्वी गावगाड्यातही कारभारी असे. त्यांच्या शिकवणुकीत जमीन, पाणी, गुरे, पैसा यांचा धनी देव, आणि माणूस हा त्याचा कारभारी. धन्याचा माल कारभाऱ्याने उधळायचा नाही आणि दाबूनही ठेवायचा नाही. येशूने एका धनवान शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. पीक उदंड आले, तेव्हा त्याने जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे मनात आणले, आणि त्याच रात्री त्याचा काळ आला. मला या दाखल्यात एक गोष्ट नेहमी जाणवते. त्या माणसाने चोरी केली नव्हती, शेती चांगलीच केली होती. त्याच्या हिशोबात दुसरे माणूसच नव्हते, एवढेच.

दशांशाचेही असेच. उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा. नांदेडला हुजूर साहिबचा लंगर आपण पाहतो, शीख बांधवांतही दसवंधाची रीत आहे. आपले वाडवडील खळ्यावरची रास उचलण्यापूर्वी बलुतेदारांचे माप घालीत. मी माझ्या खात्याच्या सवयीने विचारले, दहावा हिस्सा ढोबळ उत्पन्नाचा की निव्वळ? ते हसले. "आधी मजुराची मजुरी. ती रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, हे त्याच अध्यायात लिहिलंय. मग सोसायटीचं देणं. दुसऱ्याच्या पैशातून दान कसं करायचं?" याबाबत त्यांच्यातही मतभेद आहेत. कोणी पहिल्या मापातूनच दशांश काढतात. पण मला त्यांचा हिशोब पटला. कर्ज काढून गावजेवण घालणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्या पोराबाळांचे पुढे काय झाले तेही.

हे सारे मोठ्या प्रमाणावर करून दाखवणारी बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. लातूरहून मुंबईला जाणारी गाडी दौंड सोडून पुण्याकडे निघाली की वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या हे शाळेच्या पुस्तकात असते, पण शेतीवर त्यांची केवढी मदार होती ते थोड्यांना ठाऊक. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत अन्नान्न होऊन गेले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मंडळींनी त्यासाठी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते.

दहा वर्षांचे वचन मिळाल्यावर माणूस निर्धास्त होतो. रमाबाई झाल्या नाहीत. मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी केडगावला सुमारे 100 एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा विचार. तोच 1896-97चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 उपाशी मुली घेऊन आल्या. जमीन आणि पाणी आधी केले नसते तर या मुलींना ठेवायचे कुठे? 1900च्या दुष्काळानंतर तर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्या मुलींना नुसते जेवू घातले असे नाही. विणकाम, शिवण, छपाई, तेलघाणा, दूधदुभते अशी कामे शिकवली. अंध मुलींना ब्रेलवर वाचायला शिकवले. पुढे आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यालाही शाळा काढली. 1922 साली रमाबाई वारल्या. संस्था आजही चालू आहे.

आपल्या भागाला हे सांगावे लागते, कारण आपला पाऊस आपल्याला ठाऊक आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात कोणी आपल्या बोअरचे पाणी शेजाऱ्याला फुकट दिले, कोणी टँकरने विकले. पाण्याचाही कारभारी असतो, आणि बोअर आटल्यावर त्याचा कारभार संपतो. तेव्हा द्यायची इच्छा असेल तर आधी बांधबंदिस्ती करा, शेततळे घ्या, विहीर पुनर्भरण करा. हे मी कृषी खात्याचा माणूस म्हणून सांगतो आहे असे समजा.

उदगीरकडच्या त्या शेतकऱ्यांच्या गावी मी एकदा सुगीनंतरच्या सणाला गेलो होतो. लहानसे पत्र्याचे चर्च. पुढे ज्वारीची पोती, तूर, भोपळे, एक कोंबडी, कोणाची चार अंडी. उपासनेनंतर लिलाव झाला. वांग्यांची पाटी बाजारभावाच्या तिप्पट किमतीला गेली आणि घेणाऱ्याने ती तिथेच एका आजारी माणसाच्या घरी पाठवली. चार अंडी आणणारी बाई मजुरी करणारी होती. पाळकांनी तिचे नावही त्याच आवाजात वाचले.

आता त्या शिवारात सोयाबीनला हार्वेस्टर येतो. मशीन रान साफ करते, वेचायला फारसे काही राहत नाही. गेल्या सुगीला मी त्यांच्या बांधावर उभा होतो. मशीन शेवटच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले. बांधाकडेचे चार तास उभेच ठेवायला सांगितले. चालवणाऱ्या पोराला वाटले, मालकाला पैसे कमी करून हवेत. त्याने तसे विचारलेही.

त्यांनी पूर्ण शेताचे पैसे मोजून दिले आणि घराकडे निघाले. पलीकडच्या बांधावर तीन बाया पदर खोचून बसल्याच होत्या.